टाफेल म्हणजे फळा, एवढंच?

जर्मनच्या पहिल्या आठवड्यात जे तीस-चाळीस शब्द तोंडी बसतात, त्यांत ‘टाफेल’ हमखास असतो. दी टाफेल, म्हणजे फळा. बाई फळ्याकडे बोट दाखवतात, वर्ग एका सुरात शब्द म्हणतो, झालं. पुढे कधीतरी ‘आइने टाफेल शोकोलाडे’ येतं आणि चॉकलेटच्या बारलाही टाफेलच म्हणतात हे कळतं. जुन्या, जरा भारदस्त जर्मनमध्ये मेजवानीसाठी मांडलेल्या लांबलचक टेबलालाही हाच शब्द आहे. पण आज जर्मनीतल्या एखाद्या मध्यम शहरात कुणाला ‘टाफेल कुठे आहे हो?’ असं विचारलं, तर तो माणूस शाळेकडे बोट दाखवणार नाही. सुपरमार्केटांत न खपलेला भाजीपाला, आदल्या दिवशीचा पाव, मुदत संपत आलेलं दही गोळा करून गरजूंना देणारी संस्था म्हणजे टाफेल. पहिली १९९३ मध्ये बर्लिनला निघाली, आज देशभर नऊशेच्या वर आहेत. तिथे येणाऱ्यांना ‘कुंडे’, म्हणजे ग्राहक, म्हणतात. बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडून एक-दोन यूरो घेतातही, कारण फुकट घेतल्याची भावना राहू नये. आत जायला मात्र उत्पन्न कमी असल्याचा कागद दाखवावा लागतो.

मेजवानीच्या टेबलाचं नाव उरलेल्या पावाच्या रांगेला देणं, आणि रांगेतल्या माणसाला ग्राहक म्हणणं, यात जर्मन समाजाचा अभिमान, संकोच आणि शिस्त सगळं आलं. याहून जास्त ‘संस्कृती’ एका शब्दात कुठे सापडणार? तरीही भाषेच्या वर्गात संस्कृतीचा तास म्हटला की ऑक्टोबरफेस्ट, नाताळचा बाजार, ब्रेत्सेल आणि डोंगरावरचा तो पांढरा किल्ला. ए-वनपासून बी-टूपर्यंत चार पातळ्या चढलेल्या विद्यार्थ्यालाही टाफेलचा हा अर्थ ठाऊक नसतो.

परकीय भाषेच्या वर्गात संस्कृतीबरोबर त्या देशातली गरिबीही शिकवावी का, हा प्रश्न भाषाशिक्षकांत अधूनमधून निघतो. त्यावर उत्तरं बहुतेक भावनेच्या अंगाने येतात. एक बाजू म्हणते, विद्यार्थ्यांना जगाचं खरं रूप दिसलं पाहिजे, त्यांच्या मनात कणव जागली पाहिजे. दुसरी म्हणते, लोक व्याकरण शिकायला पैसे भरतात, समाजशास्त्र शिकायला नाही. माझं म्हणणं दोन्हींपासून जरा बाजूला आहे. गरिबी शिकवावीच, पण कणव जागवण्यासाठी नको आणि संस्कृतीच्या शेजारी वेगळा धडा करूनही नको. हातात पैसे कमी असताना वापरावी लागणारी भाषा हा जर्मनचाच एक मोठा भाग आहे आणि आपल्याकडून तिकडे जाणाऱ्याला नेमका तोच सगळ्यांत आधी लागतो. तो शिकवला नाही तर भाषाच अर्धी शिकवली.

हिशेब करून पाहू. पुण्या-मुंबईहून जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला व्हिसासाठी एका अडकवलेल्या खात्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम ठेवावी लागते. ‘श्पेरकोंटो’ हा शब्द आता आपल्याकडच्या आई-वडिलांनाही पाठ झालाय. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ यूरो आहे. तिकडे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ यूरो मिळतात. आता दुसरा आकडा. जर्मनीचं सांख्यिकी खातं युरोपीय पद्धतीने गरिबीच्या धोक्याची रेषा काढतं. देशाच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली असलेला माणूस त्या रेषेखाली धरतात. २०२४ मध्ये एकट्या माणसासाठी ही रेषा महिन्याला १,३७८ यूरो होती आणि सुमारे १५.५ टक्के लोक, म्हणजे १ कोटी ३१ लाख, तिच्याखाली होते. म्हणजे सगळे नियम पाळून, सगळे कागद लावून फ्रांकफुर्टला उतरलेला आपला मुलगा पहिल्याच दिवशी त्या रेषेच्या ३८६ यूरो खाली असतो. तो तात्पुरता खाली आहे, त्याच्यापुढे पदवी आणि नोकरी आहे. बाटल्या गोळा करणाऱ्या सत्तर वर्षांच्या पेन्शनरशी त्याची बरोबरी करणं चूकच. पण दोघांना लागणारी वाक्यं बरीचशी सारखी आहेत: हप्ते पाडून मिळतील का, मुदत वाढवता येईल का, हे माफ होण्यासाठी कुठला फॉर्म भरायचा.

आणि आता जाणारे फक्त विद्यार्थी नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजारांची भाषा झाली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी ती माणसं. यांतली परिचारिका तिकडे गेली की तिच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणून, मदतनिसाच्या पगारावर काम करावं लागू शकतं. तिला पाठ्यपुस्तकातला ‘तुम्ही सुट्टीत कुठे जाता?’ हा संवाद किती कामाला येणार?

पाठ्यपुस्तकात हे का नसतं? यामागे कट वगैरे काही नाही. एकच पुस्तक पन्नास देशांत खपवायचं तर प्रकाशक कुणालाच टोचणार नाहीत असे विषय घेतो: खाणं, छंद, प्रवास, घराची सजावट. परदेशी सांस्कृतिक संस्थांचा खर्च बऱ्याच अंशी त्या त्या देशाच्या सरकारी तिजोरीतून चालतो आणि पाहुण्यांसमोर घरातली फाटकी सतरंजी कोण अंथरतं? हे समजण्यासारखं आहे. फक्त त्याचा परिणाम असा होतो की पुस्तकातल्या सगळ्यांना बाल्कनी असते, सगळे शनिवारी रेस्तराँमध्ये जातात आणि बिल आलं की ‘श्टिम्ट सो’ म्हणून सुटे परत न घेता टीप सोडतात. बिल आल्यावर ‘आपापलं वेगळं द्यायचंय’ म्हणायलाही पुस्तक शिकवतं, हे मान्य. पण ‘सध्या परवडत नाही’ हे वाक्य, ‘दास कान इश मिर गेराडे निश्त लाइस्टेन’, किती जणांना ए-टूला सहज बोलता येतं? त्यात कर्ता, क्रियापद आणि स्वतःसाठी येणारी चतुर्थी अशी मस्त व्याकरणाची गाठ आहे. परीक्षेच्या दृष्टीनेही ते रेस्तराँच्या संवादापेक्षा उपयोगी.

आता प्रत्यक्ष कसं शिकवायचं, ते पातळीप्रमाणे सांगतो. कारण ‘गरिबीवर चर्चा घ्या’ एवढंच म्हटलं तर शिक्षक एकदा घेतो, फसतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

ए-वनला ‘आर्मुट’, म्हणजे गरिबी, हा शब्द उच्चारायचीही गरज नाही. (‘आर्म’ म्हणजे गरीब आणि ‘आर्म’ म्हणजे हात, ही गंमत मात्र शरीराचे अवयव शिकवताना सांगून टाकावी, विसरत नाहीत.) ए-वनला आकडे शिकवायचे असतात. त्यासाठी बाटल्यांचा ‘प्फांड’ घ्या. जर्मनीत पाण्या-सोड्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर किंवा डब्यावर २५ सेंट अनामत असते, बहुतेक बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पुन्हा भरून वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर १५ सेंट. सुपरमार्केटच्या दाराशी मशीन असतं. बाटली बूड आधी करून आत सरकवायची, ती फिरते, लेबलावरची खूण वाचली जाते, पडद्यावर आकडा चढतो. शेवटी बटण दाबलं की ‘प्फांडबोन’ नावाची चिठ्ठी बाहेर येते, ती गल्ल्यावर द्यायची. बाटली चेपलेली असेल किंवा लेबल फाटलं असेल तर मशीन ती परत ढकलतं. इथली चेपून फेकायची सवय तिथे २५ सेंटना पडते.

वर्गात गणित द्या: १ जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन तासाला १३.९० यूरो आहे. तेवढे पैसे बाटल्यांतून मिळवायचे तर किती बाटल्या लागतील? २५ सेंटवाल्या ५६. बिअरच्या असल्या तर १७४. मुलं मोठ्याने आकडे म्हणतात, ‘फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश’. मराठी मुलाला हे इंग्रजी माध्यमातल्या मुलापेक्षा सोपं जातं, कारण आपणही ‘पंचवीस’मध्ये पाच आधीच म्हणतो. मग एकच चित्र दाखवा: रस्त्यावरची कचरापेटी आणि तिच्या शेजारी, खाली, नीट उभी करून ठेवलेली रिकामी बाटली. ती तिथे का ठेवली असेल? गोळा करणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. ‘नेबेन’ आणि ‘इन’, म्हणजे शेजारी आणि आत, या दोन शब्दयोगी अव्ययांतला फरक याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येईल असं मला वाटत नाही. कणव जागवायचं काम त्या बाटलीवर सोडा, बाईंनी काही बोलायची गरज नाही.

ए-टू आणि बी-वनच्या मध्ये कागदपत्रं येतात आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. जर्मन समाज टपालावर चालतो. तिकडे पोचून पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ यूरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. घरात टीव्ही नाही म्हणून आपला विद्यार्थी पत्र बाजूला टाकतो. शुल्क टीव्हीवर नसून घरावर असतं. चार जण मिळून राहत असतील तर चौघांत एकदाच. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ते माफ होतं, पण अर्ज केल्यावरच. हे एकच पत्र घेतलं तर त्यातून तीन गोष्टी शिकवता येतात: सरकारी भाषेतली कर्मणी रचना (‘शुल्क आकारलं जातं’, कोण आकारतं ते कुठेच नाही), मुदतीच्या तारखा, आणि ‘अर्ज करणे’ या अर्थाचं ‘आंत्राग श्टेलेन’ हे जोड क्रियापद.

त्यानंतर थकबाकीच्या पत्रांची चढती भाजणी. पहिलं पत्र गोड असतं, ‘त्सालुंग्स-एरिनेरुंग’, नुसती आठवण. त्यात बहुधा असं वाक्य असतं: आमचं बिल आपल्या नजरेतून सुटलं असावं. इतक्या अदबीने लिहिलंय म्हणजे घाई नाही, असं आपला माणूस समजतो आणि फसतो. मग ‘माहनुंग’, म्हणजे तगादा, ज्यात वरचा खर्च लागू होतो. मग वसुली कंपनीचं पत्र, आणि मूळ रकमेवर तिची फी. शेवटी कोर्टातून ‘माहनबेशाइड’, म्हणजे पैसे भरण्याचा आदेश, पिवळ्या पाकिटात. ते आलं की दोन आठवड्यांच्या आत हरकत घ्यावी लागते, नाहीतर समोरच्याचा दावा खरा धरून पुढची पायरी सुरू होते. म्हणून बी-वनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वाक्यं झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत. ‘हिअरमिट लेगे इश विडरश्प्रुख आइन’, याद्वारे मी हरकत नोंदवतो. आणि ‘क्योंटे इश दी रेश्नुंग इन राटेन बेत्सालेन?’, बिल हप्त्यांत भरता येईल का. दुसऱ्या वाक्यात ‘क्योंटे’ हे अदबीचं संकेतार्थी रूप आहे. पुस्तक ते रूप ‘खिडकी उघडाल का?’ या वाक्यातून शिकवतं. हप्ते मागताना तेच रूप वापरलं की त्याची गरज विद्यार्थ्याला आतून कळते, कारण अदब चुकली तर नुकसान आहे.

भाड्याची जाहिरातही याच पातळीवर घ्यावी. ‘काल्टमीटे’, थंड भाडं, म्हणजे नुसत्या जागेचं. ‘वार्ममीटे’, गरम भाडं, म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून. वीज बहुतेक वेळा त्यातही नसते. अनामत जास्तीत जास्त तीन थंड भाड्यांइतकी घेता येते आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच महिन्यात सगळी रक्कम देऊन टाकतो आणि महिनाअखेरीला पाव-बटरवर येतो. ‘महिनाअखेर’ या आपल्या शब्दाला जर्मनमध्ये एक चालतीबोलती थट्टा आहे: पैसे संपले तरी महिना केवढा उरलाय! वर्गात ही सांगितली की मुलं हसतात. ते हसू ओळखीचं असतं.

बी-टूला आलेख आणि आकडेवारी येते. जर्मन विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीच्या टेस्टडाफसारख्या परीक्षेत आलेखावर लिहावं लागतंच. तिथे मोबाइल वापराचा आलेख देण्याऐवजी वयोगटाप्रमाणे गरिबीच्या धोक्याचा द्यावा. वाक्यरचना तीच, ‘वाढलं’, ‘घटलं’, ‘तुलनेत’. पण याच ठिकाणी पुण्याच्या वर्गात ठरलेला प्रश्न उठतो. कुणीतरी म्हणतंच: घरात हीटर आहे, वॉशिंग मशीन आहे, सरकार पैसे देतं, ही कसली गरिबी?

प्रश्न रास्त आहे, त्याला झटकू नये. यूरोचे रुपये करण्याची सवय त्याच्या मुळाशी असते. तिकडे बेकार, बिनउत्पन्नाच्या एकट्या माणसाला जी सरकारी मदत मिळते ती २०२४ पासून महिन्याला ५६३ यूरो आहे, घरभाडं आणि हीटिंग वेगळं. एक यूरो शंभर रुपयांना धरला तरी छप्पन्न हजार झाले आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पहिल्या पगारापेक्षा ते जास्त वाटतात. यावर भाषण देऊन उपयोग नाही. त्या दिवशी रुपये हा शब्द वर्गात बंद करावा आणि खरेदी करायला लावावी. मदतीची रक्कम ठरवताना सरकारने खाण्यापिण्यासाठी त्यात धरलेले असतात सुमारे १९५ यूरो, म्हणजे दिवसाला साडेसहा. जर्मन सुपरमार्केटांची आठवड्याची जाहिरातपत्रकं नेटवर फुकट मिळतात. ती छापून चार-चार जणांच्या गटाला द्या आणि साडेपंचेचाळीस यूरोत सात दिवसांचं खाणं बसवायला सांगा. डाळ, तांदूळ, बटाटे घेऊन मुलं पहिले तीन दिवस आरामात काढतात आणि शेखी मिरवतात. मग प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्या. ‘वॉशिंग मशीन बिघडलं.’ ‘विजेचं वार्षिक बिल वाढून आलं.’ प्रवासासाठी धरलेली रक्कम पन्नास यूरोच्या आसपास आहे आणि देशभर चालणारा मासिक पास २०२६ पासून ६३ यूरोंना. काही शहरांत सवलतीचा मिळतो, सगळीकडे नाही. शिक्षणासाठी धरलेत महिन्याला दोनेक यूरो. वीस मिनिटांत ‘ही कसली गरिबी’ हा प्रश्न ‘यात माणूस करणार काय’ इथे येतो. सापेक्ष गरिबी म्हणजे काय याची व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहावी, आधी लिहिली तर ती नुसती वहीत उतरते.

शब्दांचं वजन हा आणखी एक भाग आहे आणि तो शब्दकोशात मिळत नाही. २००५ मध्ये लागू झालेल्या बेकारभत्त्याच्या नव्या व्यवस्थेला, ती सुचवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षांच्या आडनावावरून, लोक ‘हार्त्स फियर’ म्हणू लागले. बघता बघता ते आडनाव टोमणा झालं. ‘हार्त्सन’ असं क्रियापद निघालं, म्हणजे सरकारी पैशावर लोळत पडणं, आणि २००९ मध्ये तरुणांचा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून ते निवडलंही गेलं. २०२३ मध्ये सरकारने नाव बदलून ‘ब्युर्गरगेल्ड’, नागरिक-पैसा, केलं. २०२५ मध्ये आलेल्या सरकारने तेही बदलायचं ठरवलं. एका योजनेच्या नावांवरून त्या समाजाचं गेल्या वीस वर्षांचं भांडण दिसतं. यूट्यूबवरून जर्मन ‘सुधारणारी’ आपली मुलं यांतले अपमानाचे शब्द सहज उचलतात. रस्त्यावर राहणाऱ्या माणसासाठीचा ‘पेन्नर’ हा शब्द तर विनोदात इतका येतो की तो साधाच वाटतो. साधे शब्द दोन आहेत आणि ते वेगळे आहेत: ‘ओब्डाखलोस’ म्हणजे डोक्यावर छप्परच नसलेला, ‘वोनुंग्सलोस’ म्हणजे स्वतःचं भाड्याचं घर नसलेला, मग तो निवाऱ्यात राहत असेल किंवा मित्राच्या सोफ्यावर. बातमी वाचताना हा फरक कळला नाही तर आकडेच चुकतात.

काय फसतं तेही सांगायला हवं. सगळ्यांत जास्त फसतो तो ‘गरिबी विशेष’ तास. पुलाखाली झोपलेल्या माणसाचा फोटो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्न, आणि वर्गातून ‘ट्राउरिश’, म्हणजे दुःखद, हा एकच शब्द. भाषा शून्य, सुस्कारे भरपूर. त्याच्या खालोखाल फसतं नाटक. एकाने भिकारी व्हायचं, दुसऱ्याने वाटसरू. मुलं ओव्हरॲक्टिंग करतात, हशा पिकतो आणि त्या बाटलीने कमावलेलं सगळं वाया जातं. संवादच करायचा तर कचेरीतल्या खिडकीवरचा करावा, दोन्ही बाजूंना काम असलेला. तिसरी चूक जरा लपलेली आहे. ‘तुमच्या घरी महिन्याचा खर्च किती?’ असं सहज विचारून टाकणं. वर्गात कुणी कर्ज काढून फी भरलेली असते, कुणाचे वडील रिक्षा चालवतात. मराठीत जे आपण चारचौघांत विचारत नाही ते जर्मनमध्ये विचारलं म्हणून सौम्य होत नाही. माणसं कागदावरची द्यावीत: वय, नोकरी, मिळकत, एक अडचण. विद्यार्थी त्या माणसाच्या तोंडून बोलेल.

माहिती अर्धी दिली तर ती उलटी फिरते, हेही खरं. टाफेलबद्दल ‘फुकट खाणं मिळतं’ एवढंच सांगितलं, तर ‘चला, किराणा वाचला’ असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. कॅनडातल्या फूड बँकेतून आठवड्याचा किराणा फुकट कसा आणायचा, हे मजेत दाखवणारा एका भारतीय तरुणाचा व्हिडिओ २०२४ मध्ये भरपूर फिरला आणि सगळ्याच भारतीयांना त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. जर्मनीतही काही टाफेलांना गर्दीमुळे नवी नोंदणी बंद ठेवावी लागली आहे. तिथे कोण जातं, कागद कुठला लागतो, रांग किती असते, हे त्याच तासाला सांगितलं तर रांगेचा मान राहतो.

‘परीक्षेला हे येत नाही’ हा आक्षेप उरतो. ए-वनच्या लेखी परीक्षेत एक फॉर्म भरायचा असतो आणि तीसेक शब्दांचा मजकूर लिहायचा असतो. तो सराव जलतरण क्लबच्या फॉर्मवर करा किंवा शुल्कमाफीच्या, गुण तेच. बी-वनला मत मांडावं लागतं. सुपरमार्केटने उरलेलं अन्न फेकावं की वाटावं, हा विषय प्लास्टिकच्या पिशवीवरच्या निबंधापेक्षा कमी गुणाचा नाही. वेगळा वेळ काढायची गरज नाही, आहे त्याच तासिकांतलं सामान बदलायचं. माझ्या अंदाजाने एका पातळीत सहा-सात तास या सामानाने घेतले तर पुरे. त्याहून जास्त केलं तर जर्मनी म्हणजे नुसती रड असं चित्र होईल आणि तेही खोटंच. बाखचं संगीत आणि ब्रेत्सेलही हवेतच.

हे जर्मनपुरतं नाही, पण बाकीच्यांवर फार बोलत नाही. जपानी शिकणाऱ्यांना चहा-समारंभ ठाऊक असतो. २०१२ च्या सुमारास टोकियोत सुरू झालेली आणि आता देशभर हजारोंनी पसरलेली ‘कोदोमो शोकुदो’, म्हणजे मुलांसाठी स्वस्त किंवा फुकट जेवण देणारी खानावळ, सहसा नसते. फ्रेंचमध्ये विनोदी नट कोल्युशने १९८५ मध्ये सुरू केलेली ‘रेस्तो द्यु क्यर’ ही अन्नदानाची चळवळ तिकडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, आपल्या डिप्लोमाधारकाला नाही.

तुलनेसाठी दूर जावं लागत नाही. ज्या १९९३ मध्ये बर्लिनला पहिली टाफेल निघाली, त्याच वर्षी हाम्बुर्गला बेघरांनी विकायचं मासिक सुरू झालं आणि त्याच वर्षी पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली. हाम्बुर्गच्या मासिकाचं नाव ‘हिन्त्स उंड कुन्त्स्ट’. मूळ वाक्प्रचार ‘हिन्त्स उंड कुन्त्स’, म्हणजे थेट आपले सोम्या-गोम्या. शेवटी एक ‘ट’ लावून त्यात ‘कुन्स्ट’, कला, घुसवलीय. विकणाऱ्याला किमतीतला अर्ध्याच्या आसपास वाटा मिळतो. आता बी-वनच्या वर्गाला विचारा: ‘फ्लाशेनझामलर’, बाटल्या गोळा करणारा, याला मराठीत काय म्हणाल? कुणी भंगारवाला म्हणेल, कुणी कचरेवाला. मग ‘कचरावेचक’ हा शब्द कुठून आला, ‘चिंध्या वेचणारी’ हा शब्द मागे कसा पडला आणि त्यासाठी पुण्यातल्या बायांनी काय केलं, हे सांगावं लागतं. तिकडे वेचणारा एकटा असतो, बऱ्याचदा म्हातारा, आणि ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून दुसऱ्या पेठेत जाणारा. इकडे वेचणाऱ्या बहुतांशी दलित बाया, ओळखपत्र गळ्यात घालून सोसायटीच्या दाराशी कचरा घेणाऱ्या. दोन गरिबींत श्रीमंत-गरीब देशाखेरीज जात, वय आणि संघटना यांचाही फरक आहे, हे भाषांतराच्या एका ओळीतून निघतं.

उलट दिशेचाही विचार करावा. मराठी शिकायला पुण्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आपण दिवाळी, पुरणपोळी, वारी शिकवतो. घरून निघताना त्याने भारताबद्दल पाहिलेलं असतं ते बहुधा धारावीचं चित्रीकरण. आपल्याला त्यांची गरिबी दिसत नाही, त्यांना आपली सोडून काही दिसत नाही. मग आपण चिडून आणखी पुरणपोळी वाढतो. त्यापेक्षा त्याला रेशन कार्डाचे रंग, दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत काय काय असतं, ‘सुट्टे नाहीत’ आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ ही वाक्यं शिकवली, तर तो धारावीच्या चित्रातल्या माणसाशी निदान बोलू शकेल.

ज्या शिक्षकाला हे करायचंय त्याने आधी सामान जमवावं. जर्मनीत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना लिहावं की येताना, किंवा फोटो काढून, एवढं पाठवा: बाटल्यांच्या मशीनची एक चिठ्ठी, सुपरमार्केटचं आठवड्याचं पत्रक, वार्षिक भाडेखर्चाचा हिशेब, शुल्काचं पहिलं पत्र आणि जमलं तर एखादी जुनी माहनुंग. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि बारकोड काळ्या शाईने नीट झाकून, कारण बारकोडमध्येही माहिती असते. तारीख आणि रक्कम मात्र झाकू नका, वर्गात सगळ्यांत आधी तीच वाचली जाते.